त्या दहा मिनिटांत त्याला काय कळत होतं?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. २०२३ मध्ये कळव्यात त्यांच्या मावसभावाच्या हातून त्याच्या आईचा, म्हणजे ताईंच्या मावशीचा, खून झाला. खटला ठाण्याच्या सत्र न्यायालयात आहे. २०२४ च्या सुरुवातीला चार्ज फ्रेम झाला, म्हणजे आरोप निश्चित झाले, आता साक्षी चालू आहेत आणि बचावाच्या वकिलांनी 'आरोपी वेडा होता' अशी बाजू घेतली आहे. घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात, सगळं नाटक आहे, फाशी टाळायची युक्ती. धाकटी मावशी म्हणते, त्याला दवाखान्यात न्यायला आपणच कमी पडलो. ताई तारखांना येतात, बसतात आणि काही न कळता लोकल पकडून परत जातात. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: या खटल्यात नेमकं काय बघायचं, तो सुटला तर घरी येणार का, आणि गेलेल्या मावशीने त्यांना पाठवलेल्या काही व्हॉट्सअ‍ॅप संदेशांचं काय करायचं.

ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करून मला अठ्ठावीस वर्षं झाली, बहुतेक आरोपीच्या बाजूने. वेडेपणाचा बचाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा घेतला आणि त्यातही हरलो जास्त. तेव्हा जे सांगतोय ते हरलेल्या माणसाचं शहाणपण आहे असं समजा.

ताई, आधी एक कामाची गोष्ट, कारण ती चुकली तर पुढचं सगळं बिघडतं. पोलिसांनी तुमचा जबाब घेतला होता का? घेतला असेल आणि आरोपपत्रातल्या साक्षीदारांच्या यादीत तुमचं नाव असेल, तर तुमची साक्ष होईपर्यंत कोर्टहॉलमध्ये बसू नका. सुनावणी खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. पण एका साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकू नये हा जुना दंडक आहे. नाहीतर उलटतपासाचा पहिलाच प्रश्न येईल, "आधीच्या तीन तारखांना तुम्ही इथेच बसला होतात ना?" आणि तुमच्या खऱ्या बोलण्याचंही वजन जाईल. नाव आहे की नाही हे सरकारी वकिलांना सरळ विचारा. तोवर तारखा घरबसल्या कळतात. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला (ठाण्याचा 'एमएचटीएच'ने सुरू होतो) की पुढची तारीख आणि ती कशासाठी ठेवलीय ते दिसतं. 'साक्षीसाठी' असं लिहिलेलं असूनही साक्ष न होता तारीख पडणं हे आमच्याकडे पावसासारखं आहे, मनाला लावून घेऊ नका. कधी साक्षीदार येत नाही, कधी जेलमधून आरोपी आणायला पोलिसांची पार्टी मिळत नाही. जेल कोर्टाला लागूनच आहे हे तुम्हाला दिसतं आणि म्हणून जास्तच राग येतो, पण तसं होतं खरं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या घरात दोन वर्षं जो वाद चाललाय, तो वेडा आहे की नाही, त्याचं उत्तर कोर्ट देणारच नाही. कोर्टापुढचा प्रश्न त्याहून फार लहान आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ८४ म्हणतं की, कृत्य करताना मनोविकलतेमुळे जो माणूस आपल्या कृत्याचं स्वरूप जाणण्यास, किंवा आपण करतोय ते चूक अथवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ असतो, त्याचं ते कृत्य अपराध ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम २२ वर आहे, जवळपास शब्दाला शब्द. घटना २०२३ ची आणि खटला त्या तारखेआधीच उभा राहिलेला, त्यामुळे तुमच्या खटल्याला जुनेच कायदे लागतील.

या वाक्यातलं 'कृत्य करताना' एवढं घट्ट धरून ठेवा. आदल्या वर्षी तो कसा होता, आज जेलमध्ये कसा आहे, हे सगळं त्या क्षणाकडे जाण्यासाठीच्या पायऱ्या. स्वयंपाकघरात जे घडलं त्या दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, एवढंच शोधायचंय. आणि गंमत अशी की त्या दहा मिनिटांना दोनच साक्षीदार होते. एक गेली, दुसरा आरोपी.

डॉक्टर ज्याला आजार म्हणतात आणि कायदा ज्याला बचाव मानतो, यांच्यात म्हणूनच मोठी दरी आहे. या कलमामागचे नियम इंग्लंडमधल्या १८४३ च्या प्रकरणातून आले. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला, एडवर्ड ड्रमंडला, गोळी घातली. वेडेपणामुळे तो सुटला, गदारोळ झाला आणि तिथल्या न्यायाधीशांना नियम लिहून द्यावे लागले. आपली दंड संहिता १८६० ची. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्दच १९०८ सालचा. म्हणजे आजाराला नाव मिळण्याआधीचं कलम घेऊन आम्ही आजाराबद्दल भांडतोय. त्या काळी मन म्हणजे जाणीव, म्हणून कलम फक्त 'कळत होतं का' एवढंच विचारतं. कळत होतं पण हात आवरला नाही, आतून कोणी ढकलत होतं, असं असेल तर आपल्या कायद्यात त्याला जागा नाही. कानात आवाज येत होते एवढ्यानेही भागत नाही. ते आवाज ऐकून, समोर आई नसून आपल्याला संपवायला आलेलं कोणी आहे आणि आपण करतोय ते बरोबरच आहे, असं त्याला खरोखर वाटलं का, इथवर जावं लागतं. २०११ च्या सुरेंद्र मिश्रा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलंय: मानसिक आजार असलेला प्रत्येक जण आपोआप सुटत नाही, सिद्ध करायचा तो कायद्याच्या अर्थाने वेडेपणा. मला हा कायदा अपुरा वाटतो. पण आहे तो असा आहे.

सिद्ध कोणी करायचं? खून त्यानेच केला हे सरकार पक्षाने नि:संशय सिद्ध करायचं, हे तुम्हाला ठाऊक असेल. वेडेपणाचं ओझं मात्र आरोपीवर असतं, पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार. फक्त ते ओझं सरकारच्या ओझ्याएवढं जड नसतं. दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या १९६४ च्या निकालापासून हे पक्कं आहे की, आरोपीने 'असं असण्याची शक्यता अधिक' इथवर पोचवलं तरी पुरतं. आणि तिथवर पोचता आलं नाही, पण त्याच्या पुराव्याने खुनाच्या हेतूबद्दलच वाजवी शंका उभी राहिली, तरी फायदा त्यालाच. या दुसऱ्या वाटेने जितके लोक सुटलेत तितके पहिलीने सुटले नसावेत, असा माझा अंदाज. खुद्द दह्याभाई मात्र सुटला नाही. बायकोच्या अंगावर ४४ वार होते, आणि तरीही कोर्टाने त्याला वेडा मानलं नाही. वार किती झाले, किती क्रूरपणे झाले, यावरून काही ठरत नाही. "शुद्धीतला माणूस असं करेल का?" हे वाक्य युक्तिवादात ऐकायला बरं वाटतं, निकालात ते कुठेच दिसत नाही.

मग ठरतं कशावरून? आधी, त्या वेळी आणि नंतर तो कसा वागला यावरून. तुम्ही लिहिलंय की तो पळाला नाही, पोलीस येईपर्यंत दारातच बसून होता, आणि धाकट्या मावशीला हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. जपून. शेरअली वली महंमद विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७२: बायको आणि मूल मारलं, हेतू सिद्ध झाला नाही, दार फोडलं तेव्हा पळायचा प्रयत्नही नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हेतू सापडला नाही आणि पळाला नाही एवढ्यावरून वेडा ठरत नाही. शिक्षा कायम. आता याच्या शेजारी आपल्याच महाराष्ट्रातलं श्रीकांत आनंदराव भोसले यांचं प्रकरण ठेवा. पोलीस शिपाई. १९९४ मध्ये वाटणाच्या दगडाने बायकोच्या डोक्यात घातलं. हाही पळाला नाही, लपवलं नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा फायदा दिला. फरक कुठे पडला? भोसलेंच्या बाबतीत कागद होते. घटनेआधीच्या मानसिक उपचारांची नोंद होती, वडिलांनाही मानसिक आजार असल्याचं समोर आलं होतं, आणि अटकेनंतर जून ते डिसेंबर १९९४ या काळात पॅरानॉइड स्किझोफ्रेनियासाठी त्याला पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. न पळणं एकटं उभं राहिलं तर पडतं. त्याला आधीच्या आणि नंतरच्या कागदांचा टेकू मिळाला तर तेच न पळणं बोलायला लागतं.

म्हणून ताई, वकिलांची भाषणं सोडा आणि केसपेपरकडे लक्ष द्या. तुम्ही म्हणता की २०२१ मध्ये मावशी त्याला वागळे इस्टेटजवळच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दोनदा घेऊन गेली होती, नंतर गोळ्या बंद झाल्या आणि त्याला गावाकडे एका भगताकडे नेलं. ठाण्याचं ते प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे आणि तिथली रेकॉर्ड रूम हा माझ्या मते असल्या खटल्यांतला सर्वात बोलका साक्षीदार आहे. दोन भेटींचे ते कागद घरात सापडले नाहीत म्हणून काही बिघडत नाही. कोर्टाकडून समन्स काढून मूळ नोंद मागवता येते. बचावाच्या वकिलांनी तसा अर्ज दिलाय का, ते विचारा. भगताचं सांगायला घरचे लाजतात. माझ्या एका खटल्यात आरोपीच्या वडिलांनी मुलाला अमावस्येला कुठे नेलं होतं ते साक्षीत गिळून टाकलं, 'लोक काय म्हणतील' म्हणून. उलटतपासात सरकारी वकिलांनी विचारलं, "म्हणजे त्याला काही होतं असं तुम्हाला वाटतच नव्हतं?" आणि बाप गप्प उभा राहिला. भगताकडे नेणं हा इलाज म्हणून कुचकामी असेल, पण घरच्यांना काहीतरी बिघडल्याचं तेव्हाच दिसत होतं याचा तो पुरावा असतो, आणि तोही घटनेच्या आधीचा. वकिलाने सांगितल्यावर रचलेला नव्हे.

शेजाऱ्यांच्या साक्षी नीट ऐका. तिथेच हे खटले जिंकले-हरले जातात, डॉक्टरांच्या साक्षीत नाही. आपल्या भाषेत वेड क्रिकेटचंही असतं, गाण्याचंही असतं, आणि 'येडाय का तू' हे आपण दिवसातून चार वेळा म्हणतो. त्यामुळे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून 'तो जरा वेडसर होता साहेब' म्हणाला की न्यायाधीशांच्या हाती काहीही लागत नाही. मात्र 'रात्री दोनला गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीशी भांडायचा, आत कोणी विष टाकतंय म्हणायचा, मी दोनदा खाली आणून सोडला' असं म्हणाला तर लागतं. चाळीतल्या एखाद्या काकूंनी दिलेलं असलं एक वाक्य मनोविकारतज्ज्ञाच्या चार पानांपेक्षा भारी पडताना मी पाहिलंय.

आणि ते वाक्य केव्हा बाहेर काढलं गेलं, यावरून बचाव खरा की वरवरचा ते ओळखता येतं. चांगला वकील पहिल्याच साक्षीदाराच्या, म्हणजे फिर्यादीच्या, उलटतपासात हळूच विचारतो: तो एकटाच बोलायचा का, कामावरून कधीपासून काढलं होतं, आईने तुमच्याकडे कधी तक्रार केली होती का. हे प्रश्न आले असतील तर बचाव सुरुवातीपासून बांधला जातोय. याउलट आधी सगळ्या साक्षीदारांना 'तुम्ही खोटं सांगता, आरोपी तिथे नव्हताच' असं विचारायचं आणि शेवटी न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात त्या टप्प्यावर, कलम ३१३ च्या जबाबात, 'मला काही आठवत नाही, माझं डोकं फिरलं होतं' म्हणायचं, याला आमच्या बाररूममध्ये फार वाईट शब्द आहे. 'मी नव्हतोच' आणि 'मी होतो पण शुद्धीत नव्हतो' ही दोन घोडी एका टांग्याला जुंपता येत नाहीत. न आठवणं म्हणजे न कळणंही नव्हे. कृत्याच्या वेळी पूर्ण समज असलेला माणूसही नंतर खरंच विसरू शकतो.

तपास अधिकाऱ्याची साक्ष होईल त्या दिवशी रजा टाकून या. (यादीत तुमचं नाव असेल, तर तोवर तुमची साक्ष झालेली असली पाहिजे.) त्याला विचारलं जाईल, किंवा जायला हवं, की अटकेनंतर आरोपीला मनोविकारतज्ज्ञाला दाखवलं का. पूर्वी मानसिक आजार होता हे तपासात समोर आलं असेल, तर त्याची तपासणी करून घेऊन तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे तपास यंत्रणेचं काम आहे आणि ते केलं नाही तर सरकार पक्षाची बाजू लंगडी होते, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलंय. २०१८ मध्ये देविदास राठोड या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात खालच्या दोन्ही कोर्टांची शिक्षा रद्द झाली. तिथे विळ्याने हल्ला झाला होता. पहिल्या दोन-चार दिवसांत पोलिसांनी काय केलं आणि काय केलं नाही याला इतकं महत्त्व आहे. पण तेव्हा घरचे सुतकात असतात, वकील ठरलेला नसतो आणि पोलिसांना पंचनामा, हत्यार, कपडे यांची घाई असते. अटकेच्या वेळी केलेल्या वैद्यकीय तपासणीत सहसा अंगावरच्या जखमा बघतात. मनाला त्या कागदावर रकानाच नसतो म्हटलं तरी चालेल.

आता तुम्हाला छळणारी ती गोष्ट. तुम्ही लिहिलंय की तो कोर्टात अगदी शांत बसतो आणि मागच्या तारखेला तुमच्याकडे बघून "ताई, जेवलीस का?" म्हणाला. ते ऐकून मामांनी सांगितलं, बघ, आहे का हा वेडा. ताई, जेलमध्ये त्याला औषध चालू आहे असं तुम्हीच लिहिलंय. या आजारांवरची औषधं नियमित मिळाली तर अनेकांची लक्षणं दबतात, झोप येते, भास कमी होतात. घरी गोळ्या उशाखाली लपवणारा माणूस जेलमध्ये त्या वेळेवर घेतो, कारण तिथे समोर उभं राहून घ्यायला लावतात. तो आज शहाण्यासारखा बोलतो यावरून त्या दिवशी शुद्धीत होता हे निघत नाही. उलट औषधाने इतका फरक पडला हे बचावाच्याच कामाचं आहे. जेलच्या दवाखान्याचं रजिस्टर पुराव्यात आलं पाहिजे ते यासाठी. डॉक्टरांच्या उलटतपासात हेच दोन्ही बाजूंनी खेळलं जाईल. सरकारी वकील विचारतील, "तुम्ही आरोपीला पहिल्यांदा घटनेनंतर किती दिवसांनी पाहिलंत? म्हणजे त्या दिवशीच्या मनःस्थितीबद्दल तुम्ही काही सांगू शकत नाही?" डॉक्टर प्रामाणिक असतील तर म्हणतील, नाही. मग बचावाकडून यायला हवं, "हा आजार एका दिवसात होतो का? औषध बंद केल्यावर लक्षणं उलटतात, हे बरोबर?" या दोन उत्तरांमधली जागा शेवटी न्यायाधीशांनाच भरायची असते.

त्याने गांजा घेतला होता असं मामांचं म्हणणं. तसं सिद्ध झालं तर चित्र बदलतं. स्वतःहून केलेल्या नशेला वेगळं कलम आहे आणि ते आरोपीला जवळजवळ काहीच देत नाही. नशेनेच मागे कायमचा मानसिक आजार ठेवला असेल तर गोष्ट पुन्हा ८४ कडे येते, पण तो रस्ता अवघड.

एक घोटाळा बहुतेक जण करतात, बातम्या देणारेही. घटनेच्या वेळी वेडा असणं वेगळं आणि खटला चालवण्यास आज असमर्थ असणं वेगळं. दुसरं असेल, म्हणजे आपल्यावर काय आरोप आहे हेच त्याला कळत नसेल, वकिलाला काही सांगता येत नसेल, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२९ खाली कोर्ट आधी तेवढ्याचीच चौकशी करतं, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतं, आणि गरज पडली तर खटला थांबवतं. निकाल लागत नाही, नुसता थांबतो. हे थांबणं किती भयंकर असू शकतं याचं नाव आहे मचांग लालुंग. आसामातला माणूस, १९५१ मध्ये पकडला गेला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला, खटला कधी चाललाच नाही आणि २००५ मध्ये सुटला. ५४ वर्षं. तुमच्या मावसभावाचा खटला चालू आहे, तो प्रश्नांना उत्तरं देतोय, हे त्या मानाने त्याच्यासाठी बरंच आहे असं मला वाटतं.

निकालाकडे येऊ. त्याला कलम ८४ चा फायदा मिळाला तर पेपरात 'निर्दोष मुक्तता' छापून येईल आणि मामा डोक्याला हात लावतील. पण निकालपत्र मागवून वाचा. कलम ३३४ प्रमाणे कोर्टाला त्यात स्पष्ट लिहावं लागतं की, हे कृत्य आरोपीने केलं की नाही. मावशीचा मृत्यू त्याच्याच हातून झाला हे कागदावर कायम राहतं. आणि 'सुटला' म्हणजे त्या संध्याकाळी पिशवी घेऊन कळव्याला आला असं नव्हे. कृत्य त्यानेच केल्याचं ठरलं असेल, तर कलम ३३५ नुसार कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा हुकूम देतं, आणि व्यवहारात ती जागा बहुधा मनोरुग्णालय असते. किंवा एखाद्या नातेवाइकाने वा मित्राने अर्ज केला, त्याची नीट काळजी घेऊ, त्याच्याकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही, बोलावलं की तपासणीला हजर करू, अशी जामिनासह हमी दिली, तर त्यांच्याकडे सोपवू शकतं. मनोरुग्णालयातून पुढे बाहेर पडायचं तर तो धोकादायक राहिलेला नाही असा दाखला लागतो आणि मग सरकारच्या आदेशाची वाट. अमुक वर्षांनी सुटेल असा आकडा कुठेच लिहिलेला नाही. जन्मठेपेच्या कैद्याला निदान दिवस मोजता येतात. फाशी टाळायची युक्ती म्हणणाऱ्या मामांना एवढं वाचून दाखवा.

म्हणजे 'तो घरी येणार का' याचं अर्धं उत्तर तुमच्या घराकडेच आहे. हमी देणारं कोणी उभं राहिलं नाही तर तो येणार नाही. उभं राहावं असं मी सुचवत नाही, त्याच घरात तीच चूक पुन्हा होण्याची भीती खरी आहे. जो कोणी राहील त्याने औषध, पाठपुरावा, रात्रीचं लक्ष हे सगळं लिहून काढून मगच सही करावी.

शिक्षा झाली तर उच्च न्यायालयात अपील. सुटला तर सरकार अपील करू शकतं आणि पीडित म्हणून तुमचं कुटुंबही, हा हक्क २००९ पासून आहे. खटला चालू असतानाही कुटुंबाला सरकारी वकिलांना मदत करण्यासाठी आपला वकील देता येतो. पण तुमच्या बाबतीत 'कुटुंब' म्हणजे नेमकं कोण, हे आधी तुम्ही मंडळींनी एकत्र बसून ठरवायला लागेल. दोन्ही बाजूंना तुम्हीच आहात.

शेवटी ते संदेश. मावशीने जाण्याच्या आधीच्या आठवड्यात तुम्हाला लिहिलं होतं की, 'हा तीन रात्री झोपला नाही, मला आई म्हणत नाही, तू कोण आहेस विचारतो.' मामा म्हणतात, पुसून टाक, नाहीतर हा सुटेल. पुसू नका. तो पुरावा आहे, आणि पुरावा आहे हे माहीत असून नष्ट करणं हा गुन्हा आहे, मग तुम्हाला कोणी विचारलेलं असो वा नसो. मावशी आता साक्षीला येऊ शकत नाही, त्यामुळे तिचं लिहिलेलं ग्राह्य धरायचं की नाही यावर वकील भांडतील; ते त्यांना भांडू द्या. माझं मत विचाराल तर या खटल्यात त्या दहा मिनिटांच्या सर्वात जवळ जाणारा कागद तुमच्या मोबाइलमध्ये आहे. तुमची साक्ष व्हायची असेल तर सरकारी वकिलांना आधीच दाखवा. झाली असेल किंवा यादीत नावच नसेल, तर बचाव पक्ष तुम्हाला आपला साक्षीदार म्हणून बोलावू शकतो आणि कोर्टही स्वतःहून बोलावू शकतं. मावशीच्या बाजूने बोलताय की मावसभावाच्या, असं कोणी विचारलं तर सांगा की, मावशीने जे लिहिलं तेच वाचून दाखवतेय.

तोवर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, नवा घेतलात तरी जुना तसाच ठेवा. नुसते स्क्रीनशॉट चालणार नाहीत. मूळ फोन कोर्टात हजर करावा लागेल, आणि त्याऐवजी प्रिंट किंवा कॉपी द्यायची झाली तर त्यासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागेल; त्याचा मसुदा वकील करून देतील. बॅटरी फुगली असेल तर दुकानात देताना समोर उभ्या राहा आणि डेटा जाणार नाही याची खात्री करून घ्या.

पुढच्या तारखेला साक्ष कोणाची आहे ते पाहिलंत तर कळवा.